साठीची बुद्धी आणि रक्ताची साक्ष

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात विसरण्याचा आजार दवाखान्यात स्वतःच्या नावानं येत नाही. तो गुडघेदुखीच्या मागून येतो, मोतीबिंदूच्या कागदांसोबत येतो, बीपीची गोळी संपली म्हणून येतो. तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली की घरचं माणूस उठता उठता सांगतं, ‘बुढ्यानं एकाच बागेचा सौदा दोन व्यापाऱ्यांशी केला जी.’ किंवा, ‘आईनं विहिरीवरची मोटर चालू केली अन् बंद करायची भुलली, रातभर पाणी वाहत राह्यलं.’ कधीपासून असं होतं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘आता वय झालं न.’ साठी बुद्धी नाठी, ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की म्हाताऱ्या माणसाची बुद्धी हरपणार, हे आपण धरूनच चालतो. त्यामुळे तपासणी होत नाही, आणि ज्या वर्षांत काही करता आलं असतं ती वर्षं निघून जातात.

वय वाढलं की नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठं ठेवला ते सापडत नाही, हे खरं. पण रोजचा व्यवहार मोडून पडावा इतकं विसरणं हा आजार आहे. त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्याची सर्वांत मोठी कारणं दोन : एक अल्झायमर आणि दुसरं मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा बिघाड, म्हणजे व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. वैद्यकाच्या पुस्तकांत ही दोन प्रकरणं अनेक वर्षं वेगवेगळी होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनानं, त्यातही रक्तातल्या एन्झाइमांच्या आणि प्रथिनांच्या अभ्यासानं, ही दोन्ही प्रकरणं एकमेकांत शिरलेली आहेत हे दाखवून दिलं. वरूडसारख्या तालुक्याला या गोष्टीचा फार जवळचा अर्थ आहे. कारण या दोघांपैकी रक्तवाहिन्यांच्या बाजूनं येणारा धोका तालुक्याच्या ठिकाणी, साध्या साधनांनी, आजही कमी करता येतो.

‘आता बागेत कोणता बहार आहे?’

वरूड तालुक्यातल्या एका गावातल्या घरची ही हकिगत. घरातले सत्तरी ओलांडलेले आजोबा जन्माचे बागायतदार. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कोळशी कुठल्या झाडावर आली, डिंक्या कुठल्या बुंध्याला लागला, हे ते धुऱ्यावरून सांगायचे. बीपीचं निदान झालेलं होतं, गोळीही सुरू होती. पण गोळी घ्यायची ती चक्कर आली की. एरवी बरं वाटतं तर कशाला, असा हिशेब. एकदा सकाळी डावा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं, म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. त्यानंतर काही महिन्यांत पैशांचे हिशेब चुकू लागले. मग पुन्हा बरेच दिवस ठीक. मग एकदम एक दिवस घरच्या वाटेवर गोंधळ.

त्यांची सून सगळं पाहत होती. वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात. ती म्हणाली, ‘मामाजीले चहा देऊन कप इसळत नाही तं पुन्हा हाक येते, बाई, चहा दे. आधी मले राग ये. आता नाही येत.’

दवाखान्यात आजोबांना तारीख विचारली. सांगता आली नाही. पण इंग्रजी तारखेवाचून ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ती न येण्यावरून काही ठरत नाही. मग विचारलं, ‘आता बागेत कोणता बहार आहे?’ दसरा नुकताच झालेला. आंबिया बहाराची फळं तोडणीला आलेली, रस्त्यानं कॅरेट भरलेल्या गाड्या धावत होत्या. आजोबा थोडं थांबले आणि म्हणाले, ‘मृग फुटून राह्यला.’ मृगाची फुलं जून-जुलैत येतात. सून म्हणाली, ‘बहार नाही समजला तवाच मी समजली का हे साधं इसरणं नाही.’

निरक्षर माणसाची स्मृती तपासायची तर प्रश्नही त्याच्या जगण्यातले हवेत. हे भान भारतीय संशोधनात जुनं आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात १९९० च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला, तेव्हा शाळेत न गेलेल्या वृद्धांसाठी हिंदीत खास चाचणी तयार केली गेली. वाचन-लेखनावर आधारलेले प्रश्न वगळून त्या जागी रोजच्या जगण्यातले प्रश्न घातले. वऱ्हाडी बोलणाऱ्या संत्रा बागायतदाराला आंबिया आणि मृग यांतला फरक विचारणं हे त्याच शहाणपणाचं पुढचं पाऊल आहे.

या आजोबांची कहाणी रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाच्या ठळक खुणा दाखवते : न आवरलेला रक्तदाब, काही तासांत ओसरलेला झटका आणि टप्प्याटप्प्यानं होणारी घसरण. अल्झायमरमध्ये घसरण सहसा संथ आणि सलग असते, आणि सुरुवात ताज्या गोष्टी विसरण्यापासून होते. आजोबांमध्ये हेही होतं : चहा पिऊन पाच मिनिटांत ते विसरत. मग त्यांना नेमकं काय झालं होतं? प्रामाणिक उत्तर असं की बहुधा दोन्ही.

पहिल्याच रुग्णाच्या मेंदूत

१९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिणं जमेना, नवऱ्याविषयी संशय येई. १९०६ मध्ये तिचं निधन झाल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर एका पदार्थाचे साठे होते आणि पेशींच्या आत तंतूंच्या गुंतवळी होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. आज आपल्याला माहीत आहे की बाहेरचे साठे बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे असतात आणि आतल्या गुंतवळी टाऊ या प्रथिनाच्या.

त्याच मांडणीच्या शोधनिबंधात आणखी एक नोंद आहे, जिच्याकडे पुढची कित्येक दशकं फारसं कुणी पाहिलं नाही. ऑगस्टे डेटरच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या. म्हणजे ज्या मेंदूवरून या आजाराला नाव मिळालं, त्या मेंदूतही रक्तवाहिन्यांचा बिघाड होता. खुद्द अल्झायमरांनी त्याआधी, १८९० च्या दशकात, रक्तवाहिन्या कठीण झाल्यानं झिजणाऱ्या मेंदूंवरच काम केलं होतं.

नंतर दोन वाटा वेगळ्या झाल्या. १९७४ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी मेंदूत ठिकठिकाणी रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची स्वतंत्र ओळख पक्की केली. अल्झायमरवाले अमायलॉइडमागे गेले, पक्षाघातवाले रक्तवाहिन्यांमागे. या दोन वाटा पुन्हा एकत्र आणण्यात अमेरिकेतल्या जोगिणींचा मोठा वाटा आहे. डेव्हिड स्नोडन यांच्या अभ्यासात ६७८ कॅथलिक जोगिणी सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला देण्याचं त्यांनी मान्य केलं. १९९७ मध्ये निष्कर्ष आला : मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्या जोगिणींपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटल्याचे एक-दोन छोटे डागही होते, त्यांच्यात प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश दिसण्याची शक्यता कित्येक पटींनी अधिक होती. काही जोगिणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण रक्तवाहिन्या धड होत्या, आणि त्या शेवटपर्यंत शहाण्यासुरत्या राहिल्या.

वरूडच्या बागायतदाराला हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या ठिबकच्या शेवटच्या ओळीतल्या ड्रीपरसारख्या असतात. पंप चालू असतो, मेन लाइन भरलेली असते, तरी टोकाचा ड्रीपर क्षारांनी चोकला की तिथलं झाड सुकतं. ज्या झाडाला आधीच रोग लागलेला आहे ते अशा वेळी आधी जातं.

कापणारी आणि साफ करणारी एन्झाइमं

हे दोन आजार एकमेकांना कसे बळ देतात, ते एन्झाइमांनी उघड केलं. एन्झाइम किंवा विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. आपल्या चेतापेशींच्या पडद्यात एक लांब प्रथिन बसलेलं असतं. बीटा-सिक्रेटेज हे एन्झाइम, ज्याला शास्त्रज्ञ बीएसीई-१ म्हणतात, ते प्रथिन एका जागी कापतं. गॅमा-सिक्रेटेज दुसऱ्या जागी कापतं. आणि मधला तुकडा सुटतो तो बीटा-अमायलॉइड. हा तुकडा सगळ्यांच्याच मेंदूत रोज तयार होतो. नेप्रिलायसिन आणि इन्शुलिन तोडणारं एन्झाइम यांसारखी साफ करणारी एन्झाइमं त्याचा निकाल लावतात, काही भाग रक्तवाहिन्यांच्या वाटेनं बाहेर पडतो. तयार होणं आणि साफ होणं यांचा तोल गेला की साठा होतो.

आता रक्तवाहिन्यांचा भाग. मेंदूला प्राणवायू कमी पडला की बीएसीई-१ चं प्रमाण वाढतं, हे २००६ मध्ये प्रयोगांतून दिसलं. म्हणजे रक्तपुरवठा घटला की कापणारं एन्झाइम वाढतं आणि अमायलॉइड जास्त तयार होतं. उलट दिशेनं, अमायलॉइडमुळे मेंदूतल्या केशवाहिन्यांना वेढणाऱ्या पेशी आकसतात आणि त्या केशवाहिन्या अरुंद होतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं. रक्त कमी म्हणून अमायलॉइड जास्त, अमायलॉइड जास्त म्हणून रक्त आणखी कमी, असं हे चक्र आहे.

मधुमेहाचा धागाही इथंच जुळतो. इन्शुलिन तोडणारं जे एन्झाइम आहे तेच अमायलॉइडही तोडतं. रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं तर हे एन्झाइम त्यातच गुंतून पडतं आणि अमायलॉइडची सफाई मागे पडते, असं मानायला जागा आहे. शिवाय वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांची हानी वेगळी करतेच.

यातल्या काही एन्झाइमांचा माग रक्ताच्या नमुन्यातही लागतो. अल्झायमरच्या वाटेवर असलेल्या माणसांच्या रक्तात बीएसीई-१ वाढलेलं आढळल्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसून रक्तवाहिन्यांत दाह वाढवणारं एक एन्झाइम आहे, लिपोप्रोटीनशी जोडलेलं फॉस्फोलायपेज ए-२. ते हृदयविकाराच्या संदर्भात ओळखीचं होतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीत ते ज्यांच्या रक्तात जास्त होतं त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही जास्त दिसला. एमएमपी-९ हे एन्झाइम रक्त आणि मेंदू यांच्यामधली राखणाची भिंत झिजवतं. दोन्ही आजारांच्या संशोधनात त्याचं नाव येतं. ही एन्झाइमं अजून रोजच्या निदानाची साधनं झालेली नाहीत. पण हृदय, साखर, पक्षाघात आणि स्मृती ही चार खाती वेगळी ठेवता येणार नाहीत, हे त्यांनी पुराव्यानिशी सांगितलं आहे.

एका एन्झाइमाची ओळख वऱ्हाडाला वेगळ्याच कारणानं आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक शरीरात गेलं की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं. विषबाधा किती खोल आहे हे पाहायला डॉक्टर रक्तातलं हेच एन्झाइम मोजतात. स्मृतीसाठी लागणारा असिटिलकोलीन हा संदेशवाहक याच कुळातलं एन्झाइम मेंदूत मोडत असतं. अल्झायमरमध्ये असिटिलकोलीन आधीच कमी झालेलं असतं, म्हणून डोनेपेझिलसारखी औषधं या एन्झाइमाला मोजून-मापून आवर घालतात, म्हणजे उरलेलं असिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. या औषधानं आजार बरा होत नाही, काही काळ रोजचं वागणं थोडं सावरतं. ते स्वस्त आहे, गोळीत मिळतं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं तालुक्यातही देता येतं.

नवी रक्ततपासणी आणि तिची मर्यादा

जिवंत माणसाच्या मेंदूत अमायलॉइड आहे का, हे परवापर्यंत दोनच मार्गांनी कळायचं : महागडं पेट स्कॅन किंवा पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं. आता हातातून काढलेल्या रक्तावर ते बरंचसं कळतं. टाऊ प्रथिनाच्या २१७ क्रमांकाच्या जागी फॉस्फेट चिकटतं. हे चिकटवण्याचं काम कायनेज नावाची एन्झाइमं करतात. असं पी-टाऊ २१७ अल्झायमरमध्ये रक्तात वाढतं. स्वीडनमध्ये १२१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रक्ततपासणीनं सुमारे ९१ टक्के वेळा अल्झायमर बरोबर ओळखला. केवळ तपासून आणि विचारपूस करून प्राथमिक पातळीवरचे डॉक्टर ६१ टक्के वेळा आणि स्मृतिविकाराचे तज्ज्ञ ७३ टक्के वेळा बरोबर ठरले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी आहे.

ही मोठी प्रगती आहे, पण तिची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं. लक्षणं नसलेल्या माणसातही ते वाढलेलं असू शकतं, आणि तो माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, चाचणी होकारार्थी आली तरी रक्तवाहिन्यांचा वाटा किती हे ती सांगत नाही. आपल्या बागायतदार आजोबांची ही चाचणी होकारार्थी आली असती, तरी त्यांचा रक्तदाब आवरणं हेच पहिलं काम राहिलं असतं. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या इंजेक्शनांना, लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब यांना, अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण ती आजार मंदावतात, थांबवत नाहीत. मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं वारंवार एमआरआय करावा लागतो, आणि ज्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आधीच खराब आहेत त्यांना ती देणं धोक्याचं असतं. ज्या गावातून एमआरआयला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, तिथं या इंजेक्शनांवर आशा ठेवून बसता येणार नाही.

विदर्भाची नोंद, पुण्याची नोंद

स्मृतिभ्रंश हा शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा आजार, असा एक समज आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृत पंडित उभे केले, आणि अनेक मराठी घरांना या आजाराचा चेहरा पहिल्यांदा दिसला. पण देशव्यापी पाहणी वेगळं सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत तो जास्त आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे.

खेड्यांत रक्तवाहिन्यांचा धोका किती खोल गेला आहे, याची सर्वांत ठोस नोंद विदर्भातूनच आली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं शोधली. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश कालकोंडे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं, १४.३ टक्के. दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघातानं जे जातात त्यांची मोजदाद होते. जे वाचतात, आणि ज्यांच्या मेंदूत कुणाला न कळता बारीक डाग पडत राहतात, त्यांची स्मृती हळूहळू जाते आणि त्याला घरचे वय म्हणतात. गडचिरोली आणि वरूड यांत अंतर आहे, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा दोन्हीकडे आहे, न आवरलेला रक्तदाब दोन्हीकडे आहे, आणि बरं वाटलं की गोळी बंद करण्याची सवयही.

दुसरी नोंद पुण्याची. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं हेल्गा रेफसुम यांच्यासोबत २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांत धडधाकट माणसं होती, तसेच मधुमेही आणि हृदयरोगीही होते. ४७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं आणि ७७ टक्के जणांत होमोसिस्टीन वाढलेलं होतं. इथंही मुळाशी एक एन्झाइम आहे, मेथिओनिन सिन्थेज. होमोसिस्टीनचं उपयोगी मेथिओनिनमध्ये रूपांतर करणं हे त्याचं काम, आणि बी-१२ असल्याशिवाय ते चालत नाही. बी-१२ संपलं की होमोसिस्टीन रक्तात साचतं. ते रक्तवाहिन्यांना घातक आहेच. त्यापुढे, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत होमोसिस्टीन १४ च्या वर असलेल्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला, डॉ. सुधा शेषाद्री यांचा तो शोधनिबंध २००२ चा आहे. एकाच रक्ततपासणीत दोन्ही आजारांचा धागा सापडावा, असं हे उदाहरण.

बी-१२ मिळतं ते दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतून. भाजीपाल्यातून मिळत नाही. आपल्या भागात शाकाहाराची परंपरा मोठी आहे. वरूडच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे मांसाहार वर्ज्य मानणाऱ्या महानुभावांचं तीर्थ. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या भक्तांकडून गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं ते इथं. मराठीचा आद्य गद्यग्रंथ माणसांच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. त्या मातीतल्या शाकाहारी म्हाताऱ्या माणसांच्या ताटात दूध-दही कमी झालं असेल, आणि त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ तपासलंच पाहिजे. कारण मेटफॉर्मिननंही ते घटतं. ब गटाची जीवनसत्त्वं दिल्यानं सर्वांचाच स्मृतिभ्रंश टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. मात्र ऑक्सफर्डच्या २०१० च्या चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांच्या मेंदूची झीज त्यानं सुमारे ३० टक्क्यांनी मंदावली, आणि होमोसिस्टीन जितकं जास्त तितका फायदा जास्त होता. शिवाय नुसत्या बी-१२ च्या कमतरतेनं झालेलं विस्मरण वेळेत उपचार केले तर भरून येऊ शकतं. थायरॉइडची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, काही झोपेच्या गोळ्या यांचंही तसंच. ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलेल्या माणसांत अशी भरून येणारी माणसंही असतात. मला सर्वांत जास्त खंत याचीच वाटते.

तालुक्यात काय करता येईल

२०२४ मध्ये लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील असं म्हटलं. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण, प्रदूषित हवा, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं, अशी ती यादी. रक्तदाबाबाबत प्रत्यक्ष चाचणीचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड चाचणीत, २०१९ मध्ये, वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य विस्मरण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. कुणाचा रक्तदाब किती खाली आणायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण तो आवरायचा यात वाद नाही.

यासाठी लागणारी चौकट गावात आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? हा प्रश्न विचारला जातो, खूण होते आणि बहुतेक वेळा पुढे काही घडत नाही. त्या खुणेपुढे चार गोष्टी ठरून झाल्या पाहिजेत : रक्तदाब, साखर, बी-१२ आणि थायरॉइड. यासाठी लागणारं रक्त वरूडच्या ग्रामीण रुग्णालयात काढता येतं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा आणि भंडारा हेही होते. ठरलेली औषधं, गावाजवळ मिळणारी गोळी आणि न येणाऱ्या रुग्णाचा पाठपुरावा, ही त्याची पद्धत. ‘चक्कर आली की गोळी’ या सवयीवर तोच उपाय आहे.

दुसरी मागणी संशोधनाची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कर्नाटकात कोलार जिल्ह्यातला श्रीनिवासपूर तालुका निवडला, आंब्यासाठी प्रसिद्ध असलेला. तिथल्या ४५ वर्षांवरच्या १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकाळ मागोवा घेण्याचं त्यांचं उद्दिष्ट आहे : रक्त, मेंदूचं स्कॅन, स्मृतीच्या चाचण्या, सगळं. आंब्याच्या तालुक्यात हे होऊ शकतं तर संत्र्याच्या तालुक्यातही होऊ शकतं. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे, संत गाडगे बाबा विद्यापीठ आहे. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. वऱ्हाडातल्या माणसांच्या रक्तात कोणती एन्झाइमं वाढतात, बी-१२ किती, होमोसिस्टीन किती, हे स्वीडनच्या आणि अमेरिकेच्या रक्तावरून ठरवून चालणार नाही. या संस्थांनी एकत्र येऊन एका तालुक्याची नोंद सुरू करावी.

या दिवाळीत पुण्या-मुंबईहून, नागपूरहून पोरं गावी येतील. त्यांना एकच विनंती. आई-बाबांचा, आजा-आजीचा रक्तदाब मोजून घ्या आणि गोळी रोज घेतली जाते का ते पाहा. साखर, बी-१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. कान आणि डोळे दाखवा. खर्रा सोडवायला मदत करा. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं, तर संध्याकाळी बरं होईल म्हणून थांबू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा. विसरणं वाढलंय असं वाटलं तर रागावू नका, डॉक्टरकडे न्या. ज्येष्ठांसाठीची शासकीय मदतवाहिनी १४५६७ आहे; आणि सांभाळणाऱ्या सुनेला, मुलीला, बायकोला मन मोकळं करायचं असेल तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. दोन्ही क्रमांकांना फोन करायला पैसे पडत नाहीत.